शहर पेटू नये म्हणून : चक्रवर्ती सम्राट अशोकाच्या चरित्रातील एक पान

चैत्र शुद्ध अष्टमी आली की आपल्या वस्त्यांमध्ये सम्राट अशोक जयंती साजरी होते. बॅनर लागतात, विहारात व्याख्यान होते. वक्ते कलिंगाच्या युद्धाबद्दल बोलतात, सिंहस्तंभाबद्दल बोलतात, महेंद्र आणि संघमित्रा यांच्या श्रीलंकेतील धम्मकार्याबद्दल बोलतात. हे सगळे सांगायलाच हवे. पण अशोक हा मोठमोठ्या शहरांचाही राजा होता. त्याच्या राज्यात शहरे चिडली, उठाव झाले, आणि त्या असंतोषाचे काय करायचे हा प्रश्न त्याच्यापुढे एकदा नव्हे, अनेकदा आला. त्याने दिलेले उत्तर आजही दगडावर कोरलेले आहे. मोर्चा, बंद, जमावबंदी, धरपकड हे शब्द ज्यांना रोजचे आहेत त्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी अशोकाच्या चरित्रातले हे पान मुद्दाम वाचावे असे आहे.

तक्षशिलेचा उठाव

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. तो राजपुत्र असतानाची एक हकिकत अशोकावदान या संस्कृत बौद्ध ग्रंथात येते. हा ग्रंथ अशोकानंतर काही शतकांनी रचला गेला. त्यात चमत्कार आहेत, अतिशयोक्ती आहे. तरीही ही हकिकत महत्त्वाची आहे.

वायव्येकडचे तक्षशिला हे त्या काळातले मोठे शहर. व्यापाराचे आणि विद्येचे केंद्र. या शहराने बिंदुसाराविरुद्ध उठाव केला. बिंदुसाराने अशोकाला तिकडे पाठवले. सैन्य दिले, पण शस्त्रे दिली नाहीत असे ग्रंथ सांगतो. पुढे धरणी दुभंगली आणि देवांनी शस्त्रे दिली, हा भाग दंतकथेचा. तो बाजूला ठेवू. खरी गोष्ट त्यानंतर घडते. राजपुत्र येतो आहे हे कळताच तक्षशिलेच्या लोकांनी रस्ता सजवला आणि भरलेले कलश घेऊन ते त्याला सामोरे गेले. त्यांनी त्याला सांगितले की त्यांचे भांडण राजपुत्राशी नाही, राजा बिंदुसाराशीही नाही. दुष्ट अमात्य त्यांचा अपमान करतात, तो त्यांना सहन होत नाही.

एकही बाण न सुटता शहर शांत झाले. राजधानीत ज्याला बंड म्हटले जात होते, ते शहरात पोहोचल्यावर तक्रार निघाले. लोकांना राज्य मोडायचे नव्हते. त्यांचे ऐकून घेणारा कोणी नव्हता, आणि ज्यांच्याकडे तक्रार करायची तेच छळणारे होते. पाटलिपुत्राहून तलवार घेऊन निघालेल्या माणसाला हे दिसले नसते. अशोकाने आधी लोकांचे ऐकले, म्हणून त्याला ते दिसले.

पुढे अशोकाने उज्जयिनीचा प्रांताधिकारी म्हणून काम केले असे पाली परंपरा सांगते. याच काळात विदिशेच्या एका व्यापाऱ्याच्या घरातील देवी त्याच्या आयुष्यात आली. महेंद्र आणि संघमित्रा ही त्यांची मुले. राजा होण्यापूर्वी अशोकाने दोन टोकांची दोन शहरे जवळून पाहिली होती, ही गोष्ट लक्षात ठेवू. पुढच्या शिलालेखात ही दोन्ही शहरे पुन्हा भेटणार आहेत.

पाटलिपुत्राची गादी

इ.स.पू. 268 च्या सुमारास अशोकाचा राज्याभिषेक झाला. गादीसाठी संघर्ष झाला हे खरे. 99 भावांना मारल्याची कथा मात्र पारखून घ्यावी लागते, कारण अशोकाच्या पाचव्या शिलालेखात त्याच्या भावाबहिणींच्या घरांचा उल्लेख येतो, आणि तो राज्याभिषेकाला 13 वर्षे झाल्यानंतरचा आहे.

राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा, हे जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होते. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिस या ग्रीक वकिलाने त्याचे वर्णन लिहून ठेवले. गंगेकाठी लांबवर पसरलेले शहर, भोवती लाकडी तट आणि खंदक, 64 दरवाजे, 570 बुरूज. कारभारासाठी पाच-पाच जणांच्या सहा समित्या. एक कारागिरांकडे बघे, एक परदेशी लोकांकडे, एक जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवी, बाकीच्या व्यापार, विक्रीचा माल आणि विक्रीवरचा कर सांभाळत. म्हणजे शहराचा कारभार कसा चालवायचा याचे ज्ञान मौर्यांकडे भरपूर होते. तट होता, पहारा होता, नोंदवही होती. न्यायाची खात्री मात्र तटाने आणि नोंदवहीने मिळत नाही. त्याची जाणीव अशोकाला व्हायला कलिंग घडावे लागले.

कलिंग आणि तोसलीचे अधिकारी

राज्याभिषेकाला 8 वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख रणात पडली आणि त्याहून कितीतरी पट मेली, हे आकडे त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले. विजयी राजाने आपल्या विजयाची लाज जाहीरपणे कोरावी, ही जगाच्या इतिहासातली दुर्मीळ घटना आहे.

पण हा तेरावा लेख खुद्द कलिंगात नाही. भुवनेश्वरजवळचे धौली आणि गंजाम जिल्ह्यातील जौगड येथे अशोकाने अकरावा, बारावा आणि तेरावा हे लेख गाळले आणि त्यांच्या जागी दोन वेगळे लेख कोरवले. ज्यांची माणसे मेली त्यांना मेलेल्यांचे आकडे ऐकवण्यात काय अर्थ? त्यांना हवी होती ती पुढच्या वागणुकीची हमी. या दोन लेखांत ती हमी आहे.

धौलीचा पहिला वेगळा लेख तोसली या शहरातील महामात्रांना, म्हणजे शहराचा न्यायनिवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. नुकतेच जिंकलेले, दुखावलेले, कधीही पेटू शकेल असे ते शहर. अशा ठिकाणी राजे सहसा जास्त फौज आणि कडक कोतवाल पाठवतात. अशोकाने आपल्याच अधिकाऱ्यांचे कान धरले.

त्या लेखाचा आशय असा. तुम्हाला हजारो जीवांवर नेमले आहे ते लोकांचे प्रेम मिळवण्यासाठी. सर्व माणसे माझी मुले आहेत. माझ्या मुलांचे या लोकी आणि परलोकी जे हित आणि सुख व्हावे असे मला वाटते, तेच सर्व माणसांचे व्हावे. पण माझे म्हणणे किती दूरवर जाते हे तुम्हाला उमगत नाही. एखाद्याला उमगते, तेही थोडेसेच. न्यायदानात असे होते की एखाद्या माणसाला कैद होते, त्याचा छळ होतो, ते विनाकारण घडते, आणि त्यामुळे आणखी पुष्कळ लोक दुःखी होतात.

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. एका माणसावर झालेला अन्याय एका माणसापुरता राहत नाही हे या राजाला कळले होते. विनाकारण उचलून नेलेल्या एका तरुणामागे त्याची आई असते, गल्ली असते, वस्ती असते. शहर एका दिवसात पेटत नाही. अशा एकेका घटनेतून ते आतून तापत जाते.

मग अशोक अधिकाऱ्यांना मधल्या मार्गाने वागायला सांगतो. इथे त्याने वापरलेला मज्झ हा शब्द तथागतांच्या मध्यम मार्गाची आठवण करून देतो. निःपक्षपातीपणा कशामुळे बिघडतो याची यादीही तो देतो. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. ज्याने कधी पोलीस ठाण्यात किंवा सरकारी कचेरीत तासन्‌तास वाट पाहिली आहे, त्याला ही यादी ओळखीची वाटेल. या सगळ्यांतून सुटण्याचे मूळ म्हणून तो दोन गोष्टी सांगतो. न रागावणे आणि घाई न करणे.

नुसता उपदेश करून तो थांबला नाही. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा आणि मधल्या काळातही प्रसंगी एकट्या माणसालासुद्धा ऐकवावा, अशी आज्ञा त्याने केली. विनाकारण कैद आणि विनाकारण छळ होऊ नये हा लेखाचा हेतू त्याने स्पष्ट कोरला. दर पाच वर्षांनी, स्वभावाने कठोर आणि उग्र नसलेला, मृदू वागणारा महामात्र पाहणीसाठी पाठवण्याचे त्याने ठरवले. उज्जयिनीच्या राजपुत्राने तीन वर्षे उलटू न देता असेच अधिकारी पाठवावेत आणि तक्षशिलेहूनही तसेच व्हावे, असे त्यात आहे. उज्जयिनी आणि तक्षशिला! तरुणपणी पाहिलेली ती दोन शहरे. तक्षशिलेच्या लोकांनी केलेली तक्रार या ओळी लिहवून घेताना सम्राटाच्या मनात असेल, असे मानायला जागा आहे.

राजापर्यंतचा रस्ता मोकळा

लोकांची तक्रार वर पोहोचत नाही तेव्हा ती रस्त्यावर येते. अशोकाने त्यासाठी पटिवेदक नेमले, म्हणजे लोकांची कामे राजाच्या कानावर घालणारे. सहाव्या लेखात तो सांगतो की तो जेवत असो, अंतःपुरात असो, पालखीत असो की उद्यानात असो, पटिवेदकांनी लोकांचे काम घेऊन कोणत्याही वेळी यावे. भेटीची वेळ संपली हे उत्तर या राजाने स्वतःच रद्द केले.

राज्याभिषेकाला 13 वर्षे झाल्यावर त्याने धम्ममहामात्र हे नवे पद निर्माण केले. सर्व पंथांच्या लोकांत काम करणे हे त्यांचे कर्तव्य होते, आणि तुरुंगातल्या लोकांकडे लक्ष देणे हेही होते. ज्याच्यामागे मुलेबाळे आहेत, जो म्हातारा आहे, अशा कैद्याला मदत करावी, त्याची सुटका पाहावी, असे लेखात म्हटले आहे. कैद्याच्या घरी कोण उपाशी आहे याचा विचार राज्याने करावा, ही कल्पना तेवीसशे वर्षांपूर्वीची आहे.

महाराष्ट्राचा संबंधही इथेच येतो. पालघर जिल्ह्यातील सोपारा, आपले नालासोपारा, हे त्या काळचे भरभराटीचे बंदर. तिथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, आणि 1956 मध्ये नवव्या लेखाचा. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केल्या. त्यात श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट होती, तशी जनपदातील सामान्य लोकांची भेट आणि त्यांच्याशी धम्मचर्चाही होती. नवव्या लेखात निरर्थक मंगलविधींपेक्षा दास आणि नोकरांशी नीट वागणे श्रेष्ठ मानले आहे. हमाल, खलाशी, कारागीर आणि परदेशी व्यापारी यांनी गजबजलेल्या बंदरात हे दगड उभे होते, हे विसरू नये.

जिभेवर ताबा

शहरात माणसे अनेक पंथांची असतात. त्यांच्यात आग लावायला एक वाक्य पुरते. बारावा लेख याच विषयावर आहे. सर्व पंथांच्या सारतत्त्वाची वाढ व्हावी आणि तिचे मूळ वाणीच्या संयमात आहे, असे अशोक म्हणतो. जो आपल्या पंथाच्या भक्तीपोटी आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो प्रत्यक्षात आपल्याच पंथाचे नुकसान करतो. लोकांनी एकमेकांचा धम्म ऐकावा, असा त्याचा आग्रह आहे.

अशोक स्वतः बुद्धाचा उपासक होता, ते त्याने कधी लपवले नाही. लुंबिनीला तो गेला, बोधिवृक्षाला गेला. तरीही राज्याचे संरक्षण त्याने सर्वांना दिले. आजीवकांना बराबर टेकडीतील लेणी दिली. श्रद्धा पक्की असली की दुसऱ्याला शिवी देण्याची गरज पडत नाही. मोबाइलवर आलेली चिथावणीची क्लिप पुढे ढकलण्यापूर्वी आपल्या तरुणांनी हा बारावा लेख आठवावा.

अशोकारामातील रक्त

अशोकाकडूनही चुका झाल्या. महावंस या पाली ग्रंथातील एक प्रसंग आपण फारसा सांगत नाही, पण सांगितला पाहिजे.

संघाला मिळणारा मानसन्मान पाहून अनेक ढोंगी लोक चीवर घालून पाटलिपुत्राच्या विहारात शिरले. खऱ्या भिक्खूंनी त्यांच्याबरोबर उपोसथ करायला नकार दिला. सात वर्षे उपोसथ झाला नाही. तंटा मिटवायला अशोकाने एक अमात्य अशोकारामात पाठवला. अमात्याने आज्ञेचा अर्थ आपल्या बुद्धीने लावला. उपोसथ करा म्हणून हुकूम सोडला, आणि नकार देणाऱ्या भिक्खूंची मुंडकी एकामागून एक तलवारीने उडवायला सुरुवात केली. पुढच्या आसनावर राजाचा धाकटा भाऊ, भिक्खू तिस्स, येऊन बसला तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

बातमी ऐकून अशोक हादरला. त्याने अमात्याची पाठराखण केली नाही. परिस्थिती हाताबाहेर गेली होती अशी सबबही सांगितली नाही. तो भिक्खूंकडे गेला आणि हे पाप कोणाचे, हे विचारू लागला. कोणी म्हणाले तुझे, कोणी म्हणाले दोघांचे. अखेर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांना त्याने आदराने बोलावले. जिथे हेतू नाही तिथे ते पाप लागत नाही, असे त्यांनी समजावले. मग अशोकाने आठवडाभर त्यांच्याकडून धम्म समजून घेतला, आणि त्यानंतरच भिक्खूंना एकेक करून प्रश्न विचारून ढोंगी कोण हे ठरवले. त्यांना संघाबाहेर काढले. त्यानंतर तिसरी संगीती भरली आणि धम्मदूत निघाले. त्यातले महाधम्मरक्खित आपल्या महारट्ठात आले, योनक धम्मरक्खित अपरांतात, म्हणजे कोकण किनाऱ्याकडे आले.

सारनाथ, सांची आणि कौशांबीच्या लेखांत संघात फूट पाडणाऱ्यासाठी शिक्षा सांगितली आहे. त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहायला लावावे, एवढीच. तलवार नाही. सारनाथच्या लेखात आणखी एक सूचना आहे. आज्ञेची एक प्रत अधिकाऱ्यांजवळ आणि एक प्रत उपासकांजवळ ठेवावी. सरकारी आदेशाची प्रत सामान्य माणसाच्या हाती असावी, हा केवढा मोठा विचार!

मर्यादाही मान्य करू

अशोकाने फाशी रद्द केली नाही. न्यायात आणि शिक्षेत समानता असावी असे त्याने चौथ्या स्तंभलेखात म्हटले आणि मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली, पण मृत्युदंड ठेवला. पश्चात्ताप झाल्याचे सांगणाऱ्या तेराव्या लेखातच त्याने अरण्यात राहणाऱ्या लोकांना आपल्या सामर्थ्याची जाणीव करून दिली. शहरवासीयांना मिळालेला दिलासा वनवासीयांना तेवढा मिळाला नाही.

आणि तक्षशिला? ती अशोकाच्या स्वतःच्या राज्यातही पुन्हा उठली, असे अवदान सांगते. या वेळी त्याने मुलगा कुणाल याला पाठवले. लोक पुन्हा कलश घेऊन सामोरे आले आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितले. भांडण राजाशी नाही, कुणालाशी नाही, अमात्यांच्या छळाशी आहे. कथेचा तपशील कितीही बेतलेला असो, ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. आज्ञा दगडावर कोरली म्हणून ती आपोआप अमलात येत नाही. ती वाचून दाखवणारे, जाब विचारणारे लोक लागतात.

शेवटच्या दिवसांत अमात्यांनी सम्राटाचा अधिकार काढून घेतला आणि त्याच्या हाती दान करायला अर्धा आवळा उरला, अशी कथा आहे. इ.स.पू. 232 च्या सुमारास अशोक गेला. पुढे पन्नासेक वर्षांत मौर्य राज्य संपले. लेख कोणाला वाचता येईनासे झाले. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि दगड पुन्हा बोलू लागले. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने अशोकचक्र राष्ट्रध्वजावर घेतले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली.

आपण काय घ्यायचे?

11 जुलै 1997 आपण विसरलेलो नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि गोळीबारात 10 माणसे गेली. अपमान झालेल्या वस्तीला सामोरे जाताना राग आणि घाई किती महाग पडते, हे तोसलीच्या लेखात सांगितले होते. ते ज्यांनी वाचायला हवे होते त्यांनी वाचले नाही.

अशोकाचा हा धडा आधी सत्तेसाठी आहे. शांतता हवी असेल तर विनाकारण धरपकड थांबवा, उर्मट अधिकारी बदला, तक्रारीचा रस्ता मोकळा ठेवा. हे मागणे म्हणजे सत्तेकडे दयेची याचना नव्हे. ज्या राजाची मुद्रा सरकारच्या प्रत्येक कागदावर आहे, त्याच राजाने घालून दिलेला तो नियम आहे.

काही भाग आपल्यासाठीही आहे. वस्तीत तणाव वाढला की आपल्या कार्यकर्त्याने पटिवेदक व्हावे. काय घडले ते तारीख-वेळेसह लिहून ठेवावे, पकडलेल्यांची नावे घ्यावीत, वकील गाठावा, अर्जाची पोच घ्यावी, पकडलेल्याच्या घरी चूल पेटली की नाही ते पाहावे. अफवा आपल्यापाशी थांबवावी. जमावात दगड उचलायला सांगणारा कोण आहे, हे ओळखून त्याला बाजूला काढावे. आणि आदेशाची, कायद्याची, संविधानाची एक प्रत आपल्या विहारात ठेवून ती पौर्णिमेच्या उपोसथाला वाचावी. तिष्य नक्षत्राच्या दिवशी तोसलीत हेच होत होते.

जयंतीच्या मिरवणुकीत सिंहस्तंभाची प्रतिकृती आपण अभिमानाने नेतो. पुढच्या वर्षी तिच्याशेजारी धौलीच्या लेखाचा मराठी आशय लिहिलेला एक फलकही असू द्या. रस्त्याच्या कडेला बंदोबस्तावर उभा असलेला शिपाईही तो वाचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!